गावची मेन गल्ली कुणाची? चावडी, पंचायत आणि मधला रस्ता

गावात रस्ता रुंद करायचं निघालं की आठ दिवसात भांडणं सुरू होतात. मेन गल्लीतला माणूस म्हणतो हा कट्टा आमच्या आज्ज्यानं घातलाय, पंचायत म्हणते रस्ता आमच्या ताब्यातला, तलाठ्याकडं जावं तर तो म्हणतो माझ्याकडं शेतांचं दप्तर, गावठाणातल्या घरांचं माझ्याकडं कायच नाही. आणि तिघंही आपापल्या जागी खरं सांगत असतात, म्हणून तर भांडण मिटत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या आपल्या पट्ट्यात हे जास्तच गुंतलंय कारण इथं राज्य बदललं, कायदे बदलले, कागदाची लिपी बदलली आणि गल्ली होती तिथंच राहिली. म्हणून हे सगळं एकदा सरळ भाषेत लिहून काढतोय, म्हणजे पुढच्या वेळी टेप घेऊन माणसं आली की आपण काय विचारायचं एवढं तरी कळेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करायची, चावडी वेगळी आणि पंचायत वेगळी. चावडी म्हणजे सरकारचा सारा (जमिनीवरचा कर) गोळा करायची जागा, तिचा संबंध जमिनीशी, वरनं मामलेदार, कलेक्टर असा तिचा रस्ता जातो. पंचायत म्हणजे गावानं निवडून दिलेली माणसं, तिचा संबंध दिवाबत्ती, नळाचं पाणी, गटार, रस्ता आणि घरपट्टीशी. आपल्याकडं बऱ्याच गावात पंचायत पहिल्यांदा चावडीच्याच खोलीत बसायला लागली म्हणून लोकांच्या डोक्यात दोन्ही एक झालं, पण दोघांचं दप्तर वेगळं, कायदा वेगळा, वरचा साहेब वेगळा. शेताचा कागद एकाकडं, घराचा कागद दुसऱ्याकडं, आणि मेन गल्ली बरोबर दोघांच्या मधे पडते.

आता गल्लीकडं येऊ. आपल्या पट्ट्यातलं जुनं गाव बघा, वेशीतनं आत आलं की मारुती, तिथनं सरळ रस्ता ब्रह्मलिंग नाहीतर कलमेश्वराच्या देवळाकडं, मधे कुठंतरी चावडी, तिच्याजवळ पाटलाचा वाडा, आणि ह्या रस्त्याला फुटलेल्या बारक्या गल्ल्या. पाटील गल्ली, लक्ष्मी गल्ली, मारुती गल्ली ही नावं तर गावोगावी सापडतात. नकाशा काढून कुणी असं बांधलेलं नाही, घराला घर लागत गेलं, ज्याला जसं जमलं तसं. मग मेन गल्ली तेवढी रुंद कशी राहिली, बाकीच्या गल्ल्यांत तर समोरासमोरच्या पागोळ्या एकमेकीला लागायला येतात?

ह्याचं एक मोठं कारण लक्ष्मी यात्रेचा रथ. ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. आपल्याकडं गावाची लक्ष्मी यात्रा दरवर्षी नसते, काही वर्षांच्या अंतरानं येते, कुठं कुठं तर मधे एक पिढी जाते, आणि ती आली की देवी रथात बसून मेन गल्लीतनं गदग्याकडं, म्हणजे यात्रेत तिला बसवायच्या चौथऱ्याकडं जाते. रथाची चाकं भरीव लाकडाची, वळायला स्टेअरिंग नाही, चाकाखाली लाकडाची पाचर सारून सारून दिशा बदलायची आणि हे काम करणारी माणसं ठरलेली, बाकीच्यानं हात घालायचा नाही. पुढं दोर ओढणारी शेकडो माणसं, बाजूला पळणारी पोरं, छपरावर बायका. असा रथ जायचा तर रस्ता तेवढा मोकळा पाहिजेच. यात्रा ठरली की महिनाभर आधी गावातली जाणती माणसं गल्लीतनं फिरत फिरत सांगतात की बाबा तुझी पागोळी पुढं आलीय, तुझी पायरी आत घे, आणि माणूस घेतो, कुरकुरला तरी घेतो, कारण देवीचं काम आहे. तार आडवी येत असली तर लाईनमनला बोलावून ती पण काढून ठेवतात. म्हणजे मेन गल्लीची रुंदी सरकारनं राखायच्या कितीतरी आधी गावानं राखली. आणि हे कुठल्याच ऑफिसात लिहिलेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण यात्रेच्या जुन्या फोटोत रथाच्या दोन्ही बाजूला किती जागा दिसते हा आपल्या गल्लीचा चांगला पुरावा आहे आणि तो घराघरातल्या ट्रंकेत पडून आहे.

चावडीत काय चालायचं? सारा भरायचा, दवंडी तिथनं निघायची, वरनं आलेला शिरस्तेदार नाहीतर फौजदार तिथं उतरायचा, चोर सापडला तर तालुक्याला न्यायच्या आधी तिथंच बसवून ठेवायचा. पाटील सारा वसूल करायचा आणि गावचा बंदोबस्त बघायचा, कुलकर्णी हिशेब लिहायचा आणि ते दप्तर कापडी रुमालात बांधून ठेवायचा. लिखाण मोडीतलं. आपल्या दक्षिणेकडच्या भागात शेतसनदी पण होते, म्हणजे पगाराच्या बदल्यात जमीन दिलेले गावचे शिपाई. हे सगळं वतनी, बापाकडनं पोराकडं.

1818 ला पेशवाई गेली आणि हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडं आला. सुरवातीला आपण धारवाड कलेक्टरच्या हाताखाली, 1836 ला बेळगाव वेगळा जिल्हा झाला. त्याच सुमाराला मुंबई इलाख्यात नवीन जमीन मोजणी सुरू झाली, पहिल्यांदा पुण्याकडं इंदापुरात आणि मग पुढच्या काही वर्षात आपल्याकडं. ही मोजणी नीट समजून घ्या, कारण आजच्या भांडणाची मुळी इथं आहे.

मोजणीवाले शंकू साखळी घेऊन यायचे. साखळी 33 फुटाची, तिचे 16 भाग, एकेक भाग म्हणजे एक आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. आजपण आपण गुंठ्यातच बोलतो ते ह्याच साखळीमुळं रुळलं. शेताच्या कोपऱ्यावर हद्दीचे दगड रोवले, प्रत्येक शेताला सर्वे नंबर दिला, जमिनीचा कस बघून आकार, म्हणजे साऱ्याची रक्कम बांधली. पण ही साखळी गावठाणाच्या कडेला येऊन थांबली. कारण साधं आहे, सारा पिकावर होता आणि घराखालच्या जमिनीत पीक येत नाही. मग आत कुणाचं घर किती, गल्ली किती फुटाची, कट्टा कुणाचा हे मोजायची त्यांना गरजच पडली नाही. गावच्या जुन्या नकाशात म्हणूनच शेतं एकेक नंबर घालून सुटी सुटी दाखवलेली असतात आणि मधे गावठाण म्हणून एक अख्खा ठोकळा, आत काय नाही. काही ठिकाणी नंतर सिटी सर्वे झाला, शहरात आणि मोठ्या गावात, पण बारकी गावं तशीच राहिली. दीडशे वर्षांहून जास्त काळ आपली मेन गल्ली कागदावर नव्हतीच असं म्हटलं तरी चालेल.

(एक बाजूची गोष्ट, सगळाच भाग इंग्रजांचा नव्हता. बेळगावला चिकटलेलं शहापूर सांगली संस्थानात होतं, रायबाग कोल्हापूर संस्थानात. ही संस्थानं 1948 आणि 1949 ला विलीन झाली. तुमचं गाव असं असेल तर जुना कागद बेळगावात शोधत बसू नका, तो संस्थानच्या दप्तराकडं निघायची शक्यता जास्त.)

रस्त्याला पैसा कुठनं आला हे पण बघण्यासारखं आहे. 1869 च्या लोकल फंडाच्या कायद्यानं साऱ्याच्या रुपयामागं एक आणा जादा घ्यायला लागले, त्यातले दोन हिस्से रस्ता, विहीर, धर्मशाळा असल्या कामाला आणि एक हिस्सा शाळेला. 1884 ला तालुका आणि जिल्हा लोकल बोर्डं आली. म्हातारी माणसं बोर्डाची शाळा, बोर्डाचा रस्ता म्हणायची ते हेच बोर्ड. म्हणजे गावातला पहिला खडीचा रस्ता आपल्याच शेतकऱ्यांच्या एकेक आण्यातनं झालाय, वरनं कुणी फुकट दिलेला नाही.

तेव्हा मोठी वाहतूक बैलगाडीची. बेळगावकडचा कापूस घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदराला जायचा आणि येताना गाड्या मीठ, खोबरं, मासळी घेऊन यायच्या. 1880 च्या दशकात रेल्वे आली आणि बंदराकडची ती वाहतूक हळूहळू आटली. पण ह्या गाडीरस्त्यांनी गावाचं तोंड फिरवलं. आधी गावाचं तोंड वेशीकडं होतं, नंतर ते गाडीरस्त्याकडं झालं आणि एसटी सुरू झाल्यावर फाट्याकडं. किराणा, हॉटेल, सायकल दुकान, नंतर मोबाईल रिचार्ज, सगळं स्टँडवर. जुन्या मेन गल्लीत सोनाराचं बंद दुकान आणि देवळाचा कट्टा राहिला. आपल्या पट्ट्यातल्या बऱ्याच गावात आज दोन मेन रोड दिसतात ते ह्यामुळं, एक देवाचा आणि एक बसचा.

पंचायतीचं काय? मुंबई इलाख्यात गावपंचायतीचा कायदा 1920 ला झाला, मग 1933 ला नवीन झाला, पण प्रत्येक गावात पंचायत नव्हती, जिथं होती तिथं बहुतेक चावडीत नाहीतर देवळात बसायची. 1950 च्या कायद्यानं मुंबई राज्यातली कुलकर्णी वतनं गेली आणि पगारी तलाठी आला. आणि मग 1 नोव्हेंबर 1956. बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका सोडून, म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. ह्या तारखेबद्दल इथल्या मराठी माणसाच्या मनात काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे, सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 ला आला, सुप्रीम कोर्टात 2004 पासनं दावा आहे, तो विषय वेगळा आणि मोठा. पण गल्ली आणि पंचायतीच्या कागदावर त्याचा काय परिणाम झाला हे कुणी सांगत नाही, म्हणून ते सांगतो.

चंदगडचं एखादं गाव आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेचं एखादं गाव घ्या, मधे एक ओढा. 1956 पर्यंत दोन्हीचा जिल्हा एक, दप्तराची पद्धत एक, सोयरीक तर आजपण चालू आहे. आज त्या बाजूला सरपंच, ग्रामसेवक (2024 पासनं नाव ग्रामपंचायत अधिकारी), पोलीस पाटील आणि सातबारा. ह्या बाजूला अध्यक्ष, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), पोलीस पाटील नाहीच आणि सातबाऱ्याच्या जागी पहाणीचा उतारा. कारण तिकडं मुंबईचा 1958 चा ग्रामपंचायत कायदा लागला आणि इकडं म्हैसूरचा 1959 चा. तिकडच्या पाहुण्यानं यूट्यूबवर सातबारा बघून दिलेला सल्ला आपल्या गावात चालत नाही तो ह्यामुळं, आणि ह्यात कितीतरी लोक फसलेले मी बघितलेत.

1959 च्या कायद्यानं पंचायतीचा प्रमुख चेअरमन झाला, आमच्याकडची जुनी माणसं अजून चेअरमनच म्हणतात. बऱ्याच गावात पंचायतीची पहिली स्वतःची खोली ह्या काळातली आहे, कौलारू, पुढं ओटा, भिंतीवर काळा फळा. मग गावच्या वतनी नोकऱ्या बंद करायचा 1961 चा कायदा 1963 पासनं लागू झाला आणि पाटीलकी पण गेली. चावडी रिकामी पडली. तिचं पुढं जे झालं ते गावागणिक वेगळं, कुठं रेशन दुकान, कुठं वाचनालय, कुठं तरुण मंडळाचा गणपती बसतो, कुठं भिंत पडून नुसती जोती राहिलीत आणि त्यावर ट्रॅक्टर लावतात. चावडीची जागा सरकारची की गावाची हा वाद पण इथनंच येतो. माझ्या मते चावडीचा जोता तुमच्या गावात शिल्लक असेल तर त्याचं माप आणि फोटो आजच काढून ठेवा, कारण गल्लीची जुनी रेषा कुठनं जात होती ते तो सांगतो.

1983 च्या कायद्यानं मंडल पंचायती आल्या, निवडणुका 1987 ला झाल्या. एका मंडलात आठ ते बारा हजार लोकवस्ती, म्हणजे चार पाच गावं मिळून एक, प्रमुखाला प्रधान म्हणायचे. बायकांना चौथा हिस्सा जागा राखीव झाल्या हे फार चांगलं झालं, पण ज्या गावात मंडलचं ऑफिस गेलं नाही तिथल्या पंचायतीच्या खोलीला कुलूप लागलं. 1993 च्या कायद्यानं परत ग्रामपंचायती आल्या, साधारण पाच ते सात हजार लोकवस्तीला एक, म्हणून आजपण कितीतरी गावं दुसऱ्या गावच्या पंचायतीत आहेत. तुमच्या गल्लीचं घरपट्टीचं जुनं रजिस्टर तुमच्या गावात मिळत नसेल तर आधी हे विचारा की 1987 ते 1993 ह्या काळात आपलं मंडल कुठलं होतं. रजिस्टर तिकडं गेलं आणि परत आलंच नाही असं होऊ शकतं.

सध्याची पंचायतीची बिल्डिंग बघा, पुष्कळ ठिकाणी वर राजीव गांधी सेवा केंद्र लिहिलेलं दिसेल. ती रोजगार हमीच्या पैशातनं, 2009 नंतरच्या वर्षातली. गावठाणात जागा नव्हती म्हणून ती गावाबाहेर सरकारी जमिनीवर नाहीतर फाट्यावर गेली. पीडीओ त्याच सुमाराला आले आणि 2016 पासनं बापूजी सेवा केंद्र, म्हणजे दाखले उतारे कॉम्प्युटरवर. बांधकाम कुठल्या काळातलं ते ओळखायचं तर दाराजवळची कोनशिला वाचा, तारीख असते, योजनेचं नाव असतं, लिपी पण कळते. आपल्याकडं एकाच गावात मराठी कोनशिला, कन्नड कोनशिला आणि शाळेवर इंग्रजी आकडे असं सगळं सापडतं. त्यावर रंग मारू देऊ नका.

आता परत मूळ प्रश्न, घराचा कागद. पंचायतीच्या रजिस्टरला तुमच्या घराची नोंद असते, आता ई-स्वत्तू ह्या सरकारच्या ऑनलाईन नोंदीमधनं फॉर्म 9 आणि फॉर्म 11 निघतात, एकात मालमत्तेचं वर्णन आणि दुसऱ्यात कराची मागणी आणि भरणा. लोकांचा समज असतो की हा कागद आला म्हणजे मालकी झाली. तसं नाही. घरपट्टी कोण भरतो ह्याची ती नोंद आहे, मालकी ठरते खरेदीपत्र, वाटणीपत्र, वारसा, हक्काचा कागद ह्यावर. कोर्टात कराची पावती ही ताब्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण नुसत्या पावतीवर मालकी सिद्ध होत नाही. दुसरं असं की हा उतारा कन्नडमधे येतो, आणि आमच्या गल्लीतल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना तो वाचता येत नाही, नातवाकडनं वाचून घेतात, नातू इंग्लिश मीडियमचा, मग आडनावात, मापात झालेली चूक वर्षानुवर्षं तशीच राहते आणि विकायच्या वेळी बाहेर येते. ही हाल व्हायची गोष्ट आहे. उतारा हातात आला की त्याच दिवशी कन्नड वाचणाऱ्याकडनं अक्षर अन् अक्षर वाचून घ्या, लांबी रुंदी आणि चारी बाजू तर नक्कीच.

2020 पासनं केंद्राची स्वामित्व योजना आली. इंग्रजांच्या साखळीनं जे मोजलं नव्हतं तेच गावठाण आता ड्रोननं मोजायचं आणि घराचं प्रॉपर्टी कार्ड द्यायचं. कर्नाटक सुरवातीच्या सहा राज्यांत होतं. ड्रोन यायच्या आधी घराच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारतात, कारण वरनं ड्रोनला कौलं दिसतात, भिंत दिसत नाही, आणि आपल्याकडं पावसापायी पागोळी दोन अडीच फूट बाहेर काढायची पद्धत. मग रेघ पागोळीखाली मारायची की भिंतीला लागून की कट्ट्याच्या बाहेरनं? सगळा विषय इथं येऊन ठेपतो. कट्टा धरला तर गल्ली अरुंद, कट्टा सोडला तर घर कमी. ही रेघ मारताना घरातलं जाणतं माणूस आणि समोरचा शेजारी दोघं हजर पाहिजेत, मुंबई पुण्याला असलेल्या भावाला फोन करून तरी सांगा, कारण नंतर हरकत घ्यायची मुदत असते आणि ती निघून जाते.

गल्लीचा खरा जुना पुरावा कुठं मिळतो ते सांगतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे. जुन्या खरेदीपत्रात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस तमक्याचा परडा, दक्षिणेस सरकारी रस्ता, उत्तरेस मारुतीचं देऊळ, असं. एका घराचं खरेदीपत्र काढलं की चार शेजाऱ्यांची नावं मिळतात, मग त्या शेजाऱ्यांची खरेदीपत्रं बघितली की पुढची चार. असं जोडत जोडत गेलं तर सत्तर ऐंशी वर्षांपूर्वीची अख्खी गल्ली घराला घर लावून कागदावर उभी राहते, आणि रस्ता कुठल्या घराच्या कुठल्या बाजूला होता हे त्यातनं कळतं. हे कागद सब रजिस्ट्रार ऑफिसात नक्कल मागून मिळतात, गावठाणाचा ठोकळा कुठवर होता ते तालुक्याच्या सर्वे ऑफिसातल्या गावनकाशात दिसतं, मोडी असेल तर वाचणारी माणसं बेळगाव कोल्हापूरकडं अजून आहेत. गल्लीतल्या दहा पंधरा घरांनी मिळून केलं तर एकट्यावर खर्च पण पडत नाही, आणि पोरांना मोबाईलवर फोटो काढून एका फोल्डरला ठेवायला सांगितलं की काम झालं.

आणि रस्ता रुंदीचं काम गावात यायच्या आधी, भिंतीवर लाल खुणा पडायच्या आधी, ग्रामसभेत विचारायचं. सहा महिन्यातनं एकदा तरी ग्रामसभा घ्यायला पाहिजे असा 1993 च्या कायद्यात नियम आहे. तिथं तीन गोष्टी मागा, रस्त्याचा मोजणी नकाशा, मध्यरेषा कुठनं धरली त्याची लेखी नोंद, आणि ज्या ठरावानं काम मंजूर झालं त्याची नक्कल. तोंडी उत्तर मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसात उत्तर द्यावं लागतं. मध्यरेषेचं लक्षात ठेवा, कारण एका बाजूला देऊळ नाहीतर वजनदार माणसाचं घर असलं की रेषा दुसऱ्या बाजूला सरकते, आणि सरकलेली रेषा सिमेंट पडल्यावर परत जागेवर येत नाही.